साहेबाची सही शेवटी

शेरेसाहेबांच्या घरात शेरा मारलेला नाही अशी वस्तू सापडणं कठीण होतं. खोकल्याच्या बाटलीवर लाल शाईत ‘गुण नाही’ असं लिहिलेलं असे, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ‘मजकूर पातळ’, आणि धाकट्या मुलाने वाढदिवसाला पाठवलेल्या कार्डावर ‘उशिरा मिळाले. कारण विचारावे.’ एका मोठ्या खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं कागदी घोडे नाचवले होते, त्यातली शेवटची अकरा अधीक्षक म्हणून. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी घोडे काही थांबले नव्हते. गल्लीतल्या लोकांनी त्यांना शेरेसाहेब हे नाव ठेवलं ते चेष्टेने. साहेबांना तो मान वाटला, आणि त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

घर दुमजली. वर साहेब, खाली त्यांची पुतणी. पुतणी सत्तेचाळीस वर्षांची, धंद्याने बुकबाइंडर. खालच्या लांबट खोलीत तिच्या वडिलांनी बाइंडिंगचं काम सुरू केलं होतं. चार माणसांनाही न हलणारं ओतीव लोखंडाचं दाबयंत्र, कागद कापायचं लांब पातं, पानं शिवायची लाकडी चौकट आणि खिडकीशी सरस पातळ करायची शेगडी, सगळं अजून त्यांनी ठेवलं तिथेच होतं. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. घर काकांच्या नावावर, यंत्रं काकांच्या खोलीत, आणि यंत्रांबरोबर ही. पुढे काकू गेली, आणि काकांचं जेवणखाण, औषधपाणी, कपडेलत्ते हे सगळं कुणी न सांगता तिच्या गळ्यात पडलं. दोन्ही चुलतभाऊ तेव्हा फार कामात होते. ते अजूनही कामातच होते.

त्या वर्षी छातीत कळ येऊन गेली आणि साहेबांनी इच्छापत्र करायचं मनावर घेतलं. वकिलाला बोलवू या, असं पुतणी म्हणाली.

“वकील कशाला?” साहेब म्हणाले. “दुसऱ्याच्या कागदात चुका काढून पोट भरणारी जात ती.”

छत्तीस वर्षं स्वतः दुसरं काय केलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि तिनेही आणून दिलं नाही.

इच्छापत्र त्यांनी स्वतःच लिहिलं, एकोणीस कलमांचं. रविवारी सकाळी ते वाचून दाखवायला साक्षीदार बोलावले. एक कोपऱ्यावरचा औषधवाला, दुसरे शेजारचे कवायत मास्तर. मास्तर शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण उभे अजून सावधानमध्येच राहत. दोघांना कडक खुर्च्या दिल्या. पुतणी दाराशी उभी राहिली, कारण तिसरी खुर्ची मांडायचं साहेबांना सुचलं नाही.

वरचा मजला थोरल्याला. गावाकडची जुनी जागा धाकट्याला. साहेबांनी नोकरीत लिहिलेल्या टिपण्यांच्या नकला, एकशे बारा फायली, दोघांना समाईक, ‘मार्गदर्शनार्थ’. मग कलम सतरा आलं. साहेबांनी घसा साफ केला.

“‘खालची खोली यंत्रांसह पुतणीस. सदर पुतणी कामात संथ, बोलण्यात तुटक व स्वयंपाकात मिठाच्या बाबतीत बेभरवशाची आहे. तथापि दुसरे काही करण्यास ती लायक नसल्याने खोली तिलाच द्यावी लागत आहे.’”

औषधवाल्याने खाली मान घातली. मास्तर समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. पुतणीला अपमान वाटला, नाही असं नाही. जी यंत्रं मुळात तिच्या बापाचीच, ती काका तिला दान देत होते, वर मिठाचा शेरा मारून. पण खोली मिळत होती. तिला घर नको होतं, वरचा मजला नको होता, फायली तर देवाने कुणालाच देऊ नयेत. ही एक खोली गेली असती, तर त्या वयात ती दोन हातांत दाभण आणि कात्री घेऊन रस्त्यावर आली असती. म्हणून तिने अपमान गिळला. तो गिळायची सवय तिला अठ्ठावीस वर्षांची होती.

“करा सह्या,” साहेबांनी कागद साक्षीदारांपुढे सरकवला.

“आधी तुम्ही ना?” औषधवाला म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत आणखी आखडला. “हाताखालचे आधी. साहेबाची सही शेवटी. सगळं बघून झाल्यावर. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?”

दोघांनी सह्या केल्या. मग साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि एकट्याने सही केली. अधीक्षक सही करताना कुणी टक लावून बघत राहिलेलं त्यांना नोकरीतही खपत नसे. पाकीट लाखेने बंद झालं, कपाटात गेलं, आणि किल्ली साहेबांच्या जानव्यासारखी त्यांच्या अंगाला चिकटली.

तीन आठवड्यांनी वकीलबाई आपले निकालांचे खंड न्यायला आल्या. त्यांची सगळी पुस्तकं पुतणीच बांधत असे. बोलता बोलता तिने इच्छापत्राचं सांगितलं, थोडं हसत, मिठासकट. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खंड खाली ठेवला.

“म्हणजे ते सही करत असताना दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही?”

“दार लावून घेतलं होतं.”

“मग त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी कर. तेवढाच उपयोग आहे त्याचा.” मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “अगं, साक्षीदार कशाला असतात? यांनी आमच्यासमोर सही केली, हे सांगायला. आधी काकांची सही, ती साक्षीदारांनी बघायची. मग त्या दोघांच्या. आणि आणखी एक लक्षात ठेव. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला सही करायची नाही. केली, तर त्याचा वाटा जातो.”

“आणि हा कागद नाहीच असं धरलं तर?”

“तर सगळं दोन मुलांना. पुतणीला काही नाही.”

त्याच आठवड्यात थोरला येऊन गेला. वडिलांजवळ तो सहा मिनिटं बसला आणि खाली येऊन खोलीची लांबी-रुंदी मोजत अर्धा तास फिरला. मोजायची फीत तो घरूनच घेऊन आला होता.

“सहज गं, ताई,” तो म्हणाला. “गाडी मावेल का बघत होतो. ही यंत्रं भंगारवाला तरी उचलेल का?”

“तूच उचलून बघ,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने काकांना सरळ सांगून पाहिलं. सह्यांचा क्रम चुकलाय, वकीलबाई म्हणतात परत करायला हवं. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. “तू मला सही शिकवणार? माझ्या एका सहीसाठी माणसं व्हरांड्यात दोन दोन दिवस उभी असायची.” मग बारीक डोळे करून म्हणाले, “खोलीची घाई झालीय वाटतं.” ती उलट पावली खाली आली. पुढच्या आठवड्यात वकीलबाई आपण होऊन वर गेल्या, तर साहेबांनी त्यांच्या कार्डावर ‘अनुभव कमी’ असं लिहून कार्ड परत दिलं.

पुतणीने मग तो विषय सोडला. सोडला म्हणजे दिवसभर डोक्यात तोच घेऊन फिरायला लागली. म्हाताऱ्याचा तिला मनस्वी राग आला होता. जन्मभर दुसऱ्यांची चूक पकडण्यावर जगलेल्या माणसाने सगळ्यात मोठी चूक आपल्या स्वतःच्या कागदात केली, आणि ती दाखवून देणारी बाई मात्र त्याच्या लेखी लोभी ठरली. डॉक्टर सांगून गेले होते की हृदय दमलंय, आता जपून. ती जपत होती. मीठही मोजून घालत होती.

वाट सापडली ती कामातूनच. एका जुन्या कंपनीने आपली दप्तरं बांधायला पाठवली होती. त्यात एक परिपत्रकांचं जाडजूड बाड होतं. पानं लावता लावता तिचा हात थांबला. प्रत्येक पानावर वर हुकूम, हुकुमाखाली साहेबाची सही, आणि त्याच्याही खाली कर्मचाऱ्यांची रांग, ‘वाचले’, ‘वाचले’, ‘वाचले’, प्रत्येकापुढे सही. साहेब आधी आणि बाकीचे मागून. तिने ते पान तीनदा वाचलं. मग सरसाचे हात पुसून वर गेली. चेहरा होईल तेवढा बावळट केला. काकांच्या मते तो तसा होताच, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत.

“काका, एक विचारायचं होतं. टिपणी आणि परिपत्रक, यात फरक काय?”

इतक्या वर्षांत त्यांना कुणी इतका सुंदर प्रश्न विचारला नव्हता. साहेब उशीला टेकून बसले. “टिपणी म्हणजे खालचा वरच्याला विचारतो. ती खालून वर चढते. म्हणून तिच्यावर साहेबाची सही शेवटी. परिपत्रक म्हणजे वरचा खालच्यांना सांगतो. ते वरून खाली उतरतं. साहेबाची सही आधी, मग खालच्यांनी वाचल्याच्या सह्या करायच्या.”

“असं होय.” ती पांघरूण नीट करत राहिली. “मग इच्छापत्र यातलं कुठलं? म्हणजे, तुम्ही त्यात त्या औषधवाल्याला विचारताय, का सांगताय?”

 साहेबांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग एकेक करून गेल्या.

“मी त्या गोळ्या विकणाऱ्याला विचारीन?” ते शेवटी म्हणाले.

“तेच मला कळेना.”

“परिपत्रक आहे ते. साधी गोष्ट आहे. त्या वकीलबाईला हे नीट सांगता आलं नाही, क्रम चुकला क्रम चुकला करत बसली. मूळ प्रकरणाचं वर्गीकरण चुकलं होतं. रविवारी बोलाव दोघांना.”

चूक कुणाची ठरली, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती दोन दोन पायऱ्या टाकत जिना उतरली, आनंदाने.

रविवारी साहेब इस्त्रीचा कोट घालून बसले. नवीन कागद, तीच एकोणीस कलमं, तेच मीठ. या खेपेला त्यांनी दार उघडं ठेवलं, कारण परिपत्रक जाहीर असतं. साक्षीदार समोर बसले. साहेबांनी पेन उचललं, दोघांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. औषधवाला बघत होता. मास्तर तर श्वास रोखून बघत होते. मग त्या दोघांनी सह्या केल्या. पुतणीने दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं. झालं, तिच्या मनात आलं, सुटले.

“आता तू,” साहेब म्हणाले.

“मी काय?”

“सही. ‘वाचले’ म्हणून लिही आणि खाली सही कर. परिपत्रक कार्यालयातल्या प्रत्येकाने सही केल्याशिवाय पूर्ण होत नाही.” त्यांनी मास्तरांच्या सहीखाली पट्टीने एक रेघ आखली आणि शेजारी तिचं नाव घातलं.

वकीलबाईंचं दुसरं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं. ज्याला मिळणार त्याने सही करायची नाही. आपणच खणलेला हा खड्डा आहे, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

“मी नाही करणार, काका. मला मिळणार आहे त्यात. मी केली तर ते चालत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“कायद्यात आहे.”

“परिपत्रकात नाही. सही कर.”

“नाही.”

“मग फाडून टाकतो.” त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला.  औषधवाल्याने तिला डोळ्यांनी खूण केली, कर गं बाई, म्हाताऱ्याच्या मनासारखं होऊ दे. अठ्ठावीस वर्षं तिने हेच केलं होतं, म्हाताऱ्याच्या मनासारखं.

आणि तिचं डोकं फिरलं.

“फाडा,” ती म्हणाली. “फाडा आणि वर लिहा, फाडण्यात आले. मी तुमची कारकून नाही, काका. तुमच्या हाताखाली नोकरीला लागले नव्हते मी. माझा बाप मेला म्हणून या घरात राहिले, आणि काकू गेल्यावर तुम्हाला दोन वेळचं गरम मिळावं म्हणून राहिले. तुमची पोरं खोली मोजायला येतात, तुम्हाला बघायला नाही. एवढ्या वर्षांत एका वस्तूवर तरी बरं लिहिलंय का तुम्ही? एका तरी? माझ्या हातचं सूप पिऊन वाटीवर शेरा मारता. मी सही करणार नाही. काय करायचं ते करा.”

 एवढं सलग ती कधीच बोलली नव्हती, आणि आता तिलाच त्याची भीती वाटायला लागली होती. खोली गेली, हे तिला स्पष्ट दिसलं. दाबयंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना दिसलं.

साहेबांनी कागद खाली ठेवला. चष्मा पुसला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिघेही चकित झाले, कारण ते समाधान होतं.

“नकार,” ते म्हणाले. “उघड नकार. साक्षीदारांसमक्ष. नोकरीत असे सतरा पाहिलेत मी. हुकमावर सही करणार नाही म्हणायचे आणि छाती काढून निघून जायचे. त्यांना वाटायचं, सही केली नाही की हुकूम लागू होत नाही.” त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. “होतो. त्याची रीत आहे.”

तिच्या नावापुढच्या रेघेवर ते लिहीत राहिले. चार ओळी झाल्या. मग म्हणाले, “नकाराला दोन साक्षी लागतात,” आणि औषधवाल्याला आणि मास्तरांना त्या ओळींखाली परत सह्या करायला लावल्या. मास्तरांनी उभं राहून केली. काय लिहिलं ते तिला वाचून दाखवलं नाही. अपराध्याला दाखवत नाहीत, ते म्हणाले. पाकीट वकीलबाईंकडे ठेवायला सांगितलं, ‘अनुभव कमी असला तरी कपाट मजबूत असेल.’ त्या दिवशी सूप त्यांनी वाटीभर जास्त मागितलं.

दीड महिन्याने, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता साहेब गेले. हातात पेन होतं. त्या पानावर अर्धवट शेरा होता, ‘मजकूर’ एवढाच. पुतणी रडली, आणि आपण रडतोय याचा तिला रागही आला.

वकीलबाईंच्या ऑफिसात दोन्ही भाऊ आले ते टायवाला वकील घेऊनच. कलम सतरा ऐकताच थोरल्याचं तोंड उतरलं. गाडी आधीच घेऊन ठेवली होती त्याने. टायवाला पुढे सरसावला. म्हातारा, आजारी माणूस, एकटा. बाई त्याला खायला घालणार, औषध देणार, रात्रंदिवस कानाशी लागणार. तिनेच लिहून घेतलंय हे, गोड बोलून. न्यायालयात उभं राहणार नाही.

औषधवाला म्हणाला, “आमच्यासमोर सही केली त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आधी.”

“तसं तिनेच करवून घेतलं असेल,” टायवाला म्हणाला. यात तो अगदी चूक होता असंही नाही. पुतणी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

वकीलबाईंनी कागद उलटा फिरवून त्याच्यापुढे ठेवला. “शेवटचा शेरा राहिलाय. लाल शाईतला. मोठ्याने वाचा.”

टायवाल्याने वाचलं. “‘पुतणीस सही करण्यास सांगितले असता तिने साफ नकार दिला. वर्तणूक उद्धट. माझ्या मुलांविषयी व माझ्याविषयी साक्षीदारांसमक्ष अपमानास्पद बोलली. बोललेले खरे आहे. हुकूम तरीही लागू.’”

खाली साहेबांची सही, आणि तारखेखाली वेळसुद्धा, अकरा वाजून वीस मिनिटं.

“गोड बोलून काढून घेणारी बाई असं लिहून घेते होय?” वकीलबाईंनी विचारलं. “आणि डोकं ठिकाणावर नसलेला माणूस हे असं लिहितो?”

टायवाल्याने ते मनातल्या मनात परत एकदा वाचलं, आणि कागद पुढे सरकवून आपली बॅग बंद केली. धाकट्याने विचारलं, फायली नेल्याच पाहिजेत का. नेल्याच पाहिजेत, वकीलबाई म्हणाल्या, मार्गदर्शनार्थ आहेत.

पुतणीने एक नक्कल मागून घेतली. घरी आल्यावर खोलीत बसून तिने तो शेरा स्वतः वाचला. तीन शब्दांपाशी थांबली, ‘बोललेले खरे आहे.’ पुढे जाववेना. जन्मभर एक बरा शब्द ऐकायची आस धरली होती तिने, आणि तो मिळाला तो उद्धटपणाच्या नोंदीत, दोन शिव्यांच्या पाठोपाठ, माणूस गेल्यावर. तिला म्हाताऱ्याची चीड आली, आणि तो आत्ता वर असता तर किती बरं झालं असतं असंही वाटलं.

मग ती वर गेली, वर्तमानपत्रावर पडलेलं लाल पेन घेऊन आली, आणि नकलेवर, काकांच्या सहीच्या खाली लिहिलं, ‘वाचले. उशिरा मिळाले.’ आणि सही केली.